कुठला माईक घेऊ, मावशी?



बरेच दिवस इकडे फिरकले नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग डोळ्यात थेंब, मग पाहुणे... असो. आता अक्षरं पुन्हा ठसठशीत दिसताहेत, तेव्हा तुंबलेल्या पत्रांची उत्तरं एकदमच देऊन टाकते. एकदमच, कारण प्रश्न सगळ्यांचा एकच आहे.

माईची भुलाबाईची गाणी घरच्या ग्रुपवर टाकली तेव्हापासून हे सुरू झालं. अमरावतीच्या भाचीला मुलाच्या बासरीसाठी माईक हवाय. बंगलोरच्या पुतण्याला बायकोच्या गाण्यासाठी. एका ब्लॉगर मैत्रिणीचे वडील पेटी वाजवतात, वय ८१, त्यांचं काहीतरी जपून ठेवावं असं तिच्या मनात आहे. "मावशी, कंडेन्सरच घेऊ ना? कुठला घेऊ?" चौतीस वर्षं शाळेत संधी-समास शिकवलेल्या बाईला लोक हे विचारून राहिले, याची आधी मला गंमत वाटली. मग काळजी वाटायला लागली. कारण भाचीने २८ हजारांच्या एका माईकचा फोटो पाठवलाय, आणि तिच्या हॉलला साधे पडदेसुद्धा नाहीत, हे मला ऑपरेशनच्या आधीच्या डोळ्यांनीही नीट दिसलं होतं.

तर माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. इतक्यात घेऊ नका.

आता ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी, हे मत मला कसं महागात पडलं त्याची गोष्ट.

पुण्या-मुंबईकडचे वाचक भोंडला-हादगावाले, त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्या विदर्भात भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलोजी आणि भुलाबाईची मातीची जोडी, म्हणजे शंकर-पार्वतीच. संध्याकाळी पोरी घरोघर जायच्या, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर. माई माझी सगळ्यात मोठी बहीण, वय ८६, आणि हिला गाणी येतात तीसच्या वर. त्यातली निम्मी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. आमच्या आईची ती गाणी, तिच्या आईची असतील. कुठे छापलेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात माईचा नातू पुण्याहून आला तो एक पेटी घेऊनच. आत मखमलीत ठेवलेला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक. मित्राकडून मागून आणलेला, किंमत विचारली तर म्हणाला, "आजी, तू ऐकू नकोस." कंपनीचं नाव मी सांगत नाही, पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्या माईकचा काही दोष नव्हता.

आम्ही हॉलमध्ये बसलो. माझा हॉल मोठा, फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. माईला खुर्चीत बसवलं, माईक साधारण तीन फुटांवर, म्हणजे ती बुजणार नाही. पंखा बंद. नातेवाईक भिंतीला टेकून गप्प. माई आधी म्हणाली, "अरे बापा, हे तर बंदुकीसारखं आहे," पण मग खुलली. एकोणीस गाणी म्हटली. मध्ये दोन पोरी टिपऱ्या वाजवत होत्या. आम्ही सगळे इतके खूश की त्या रात्री कुणी ते ऐकूनच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऐकलं. टिपरीचा प्रत्येक ठोका फुटलेला. 'भुलाबाई' म्हणताना 'भ' चा असा धक्का बसतो की वाटावं कुणी उशी आपटली, आणि मंडळी, या गाण्यांत 'भ' किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा. माईची कवळी 'स' आणि 'च' ला बारीक शीळ घालते, समोर बसून ऐकताना कधी कळलंही नव्हतं, इथे ती सुईसारखी कानात. आणि सगळ्यावर हॉलचा घुमारा. माईने हेडफोन काढून ठेवला. "ही मी नाही. ही कोणी हौदात बसून गाऊन राहिली." पुन्हा म्हणायला साफ नकार.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. सीताबर्डीतल्या एका दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने हॉलचा आकार, गाणारी कोण, वाद्य कोणतं, यातलं एक अक्षर न विचारता चाळीस हजारांचा माईक आणि भिंतीला चिकटवायचे करड्या स्पंजाचे चौकोन पुढे केले. स्पंज पातळ. पातळ स्पंज फक्त वरचा, बारीक आवाज शोषतो. हॉलचा तो हौदासारखा घुमारा जिथल्या तिथे राहतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण शिक्षिकेचं नाक असतं, वर्गात कोण न वाचता उत्तर देतंय ते कळतं. परत आले.

हा कंडेन्सर असतो काय, ते मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं. आत एक अतिशय पातळ पडदा, काही मायक्रॉन जाडीचा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला. त्याच्यामागे केसाएवढ्या अंतरावर एक धातूची चकती. दोघांमध्ये विजेचा भार. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं, अंतर बदललं की विजेत फरक पडतो, तोच आपला आवाज. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या ई. सी. वेंट यांनी हा १९१६ साली बनवला, आणि १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमन यांनी कंपनी काढून तो बाजारात आणला. डायनॅमिक माईक, म्हणजे तो लग्नाच्या मांडवात भाषण करणाऱ्यांच्या हातात असतो तो, त्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं. त्याला बाहेरून वीज लागत नाही, पडला तरी चालतो. कंडेन्सरला वीज लागते, ४८ व्होल्ट, आवाजाच्याच केबलमधून जाते. तिला म्हणतात फँटम पॉवर, म्हणजे भुताची वीज! हे ४८ कुठून आलं, त्याची गोष्ट मला फार आवडली. १९६६ साली नॉयमन कंपनी नॉर्वेच्या रेडिओसाठी माईक बनवत होती, आणि तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वापरली. पुढे साऱ्या जगाने तोच आकडा धरला.

आणखी एक. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट या दोघांनी असा पडदा काढला की ज्यात विजेचा भार कायमचा मुरवलेला असतो. त्यामुळे कंडेन्सर इवलासा आणि स्वस्त झाला. कॉलरला लावायचे माईक याच जातीचे, आणि तुमच्या मोबाईलमध्ये जो तांदळाच्या कणीएवढा माईक असतो तोही कंडेन्सरचाच चुलत भाऊ. तेव्हा "कंडेन्सर घेऊ का" विचारणाऱ्यांनी आधी पर्समध्ये हात घालून पाहावा.

आता मुद्दा. सगळीकडे एक वाक्य ठोकून दिलेलं असतं: कंडेन्सर खोलीचे सगळे आवाज पकडतो, डायनॅमिक पकडत नाही. अर्धं खरं आहे. कंडेन्सर बारीक आवाज जास्त स्पष्ट ऐकतो हे कबूल. पण दोन्ही माईक तोंडापासून सारख्याच अंतरावर, सारख्याच दिशेने ऐकणारे ठेवले आणि आवाज सारखा करून ऐकले, तर मागची कुकरची शिट्टी दोन्हीकडे जवळपास तेवढीच येते. मग फरक का वाटतो? डायनॅमिक माणूस तोंडाला लावून धरतो आणि कंडेन्सर कौतुकाने लांब ठेवतो, म्हणून! अंतर निम्मं केलं की माईकपर्यंत पोचणारा गळ्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो, रस्त्यावरचा आवाज होता तेवढाच राहतो. तीन फुटांवरून एका वितीवर आलात, म्हणजे अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबल. एक पैसा खर्च न करता.

भाचीने पाठवलेल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की माईकचा स्वतःचा आवाज, म्हणजे शांततेत येणारी सूं, किती कमी. असे खरोखर चांगले माईक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या रोड कंपनीच्या एनटी१ चा आकडा साडेचार डेसिबल आहे. पण मी मोबाईलवर मोजलं, माझ्या हॉलमध्ये पंखा बंद, दारं बंद, दुपारी दोन वाजता ३८. अडतीसच्या घरात साडेचार काय आणि पंधरा काय! नागपुरात तर मे महिन्यात कूलरशिवाय माणूस बसूच शकत नाही, आणि कूलर सुरू असताना लाखाचा माईकसुद्धा कूलरच रेकॉर्ड करतो, उत्तम रीतीने.

मला एक जुनी आठवण आहे, तिचा अर्थ मला आत्ता लागला. १९६२ च्या सुमारास शाळेच्या समूहगानासाठी आम्हा आठ मुलींना आकाशवाणी नागपूरच्या स्टुडिओत नेलं होतं. केंद्र १९४८ पासूनचं. माईक एकच, जाळीचा, मोठा. त्याच्या एका बाजूला चौघी, दुसऱ्या बाजूला समोरासमोर चौघी, आणि ज्या मुलीचा आवाज फार चढायचा तिला तिथल्या साहेबांनी हाताला धरून अर्धं पाऊल मागे उभी केली. बस. तेवढंच त्यांचं मिक्सिंग. पण आत शिरताना दोन जाड दारं होती, भिंतींना भोकं भोकं होती, आणि आपलाच आवाज कानाला इतका कोरडा लागला की मी घाबरून मैत्रिणीचा हात धरला होता. सरकारने आधी खोली बांधली होती, मंडळी.

याचा अर्थ माईक गौण असा नाही, तसं म्हणाल तर भांडेन. माईकने आपलं गाणंच बदललं. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माईक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे. १९२५ नंतर माईकवरची रेकॉर्डिंग आली आणि हळू गाणं शक्य झालं. आमच्या खामगावचे जी. एन. जोशी आणि मेहकरचे ना. घ. देशपांडे, एकाने लिहिलेली 'शीळ' दुसऱ्याने गायली आणि तिथून मराठी भावगीताची सुरुवात मानतात. माझ्या मते भावगीत हे माईकचंच लेकरू. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी गाणाऱ्या गळ्याला ते हळुवारपण परवडलंच नसतं. (या मतावर आमचे हे असते तर दोन तास वाद घातला असता.)

परत माईकडे. मार्गशीर्षात तिला एकदाची मनवली. माईक तोच. नातू तोच. फक्त या वेळी जागा हॉलमध्ये नाही, मागच्या खोलीत, जिथे आम्ही गाद्या-रजया रचून ठेवतो. खिडकीवर जुनी गोधडी. थंडीचे दिवस, पंख्याचा प्रश्नच नाही. भरतकामाच्या कडीवर नायलॉनचा पायमोजा ताणून मी जाळी केली आणि माईकपुढे चार बोटांवर बांधली, 'भ' चा बंदोबस्त झाला. बाजारात मिळते ती पॉप फिल्टर म्हणतात ती हीच. माईक माईच्या तोंडापासून एक वीत, पण तोंडासमोर नाही, थोडा खाली आणि एका बाजूला. कवळीची शीळ सरळ पुढे जाते, ती चुकली. टिपऱ्या खोलीच्या दाराबाहेर. आणि आवाजाची पातळी मोठ्या ठोक्यालासुद्धा उणे बाराच्या वर जाणार नाही अशी ठेवली. फार जवळही नेला नाही, कारण अशा एकाच बाजूने ऐकणाऱ्या माईकला ओठ लावले की आवाज उगाच घोगरा, भारदस्त होतो. निवेदकांना आवडतो, माईला शोभत नाही.

ऐकून माई काही बोलली नाही. फक्त दुसरं गाणं लावायला सांगितलं. तेवीस गाणी झाली, तुम्ही ग्रुपवर ऐकता ती हीच.

आता उत्तरं. भाची, बासरीसाठी कंडेन्सर शोभेल, पण बोटाएवढ्या जाडीचा, छोट्या पडद्याचा घे, स्वस्तातला चालेल. फुंकर जिथून सुटते तिच्यासमोर धरू नकोस, फुटभर लांब आणि वरून, बोटांच्या भोकांकडे रोखून. आधी पडदे. उरलेल्या पैशांत लेकाला दोन चांगल्या बासऱ्या येतील. बंगलोरच्या चिरंजीवांनो, सूनबाईचा गळा बारीक आणि चमकदार आहे; स्वस्त कंडेन्सरांत वरचा आवाज मुद्दाम चढवलेला असतो, तो तिच्या आवाजाला चरचरीत करेल, आणि घरच्या भजनात टाळ असतील तर विचारूच नका, कानात खडे पडतील. तिला साधा डायनॅमिक लावून पाहा. शूअरचा एसएम५८ हा १९६६ पासून तसाच चालत आला आहे, तो काही उगाच नाही. घरी कुणाकडे असेल तर महिनाभर उसना घ्या.

आणि मैत्रिणी, तुझ्या वडिलांच्या पेटीसाठी माईक वरून, दीड फुटांवर, भात्यापासून लांब. भात्याची खटखट नको असेल तर. मला मात्र ती असू द्यावीशी वाटते. तंबोरा साथीला असेल तर तिथे मात्र चांगल्या, कमी आवाजाच्या कंडेन्सरवर पैसे घाल. तंबोरा इतका हळू बोलतो की तिथे ते साडेचार आणि पंधरा यांतला फरक कळतो, अर्थात रात्री अकरानंतर. पावसाळ्यात माईक डब्यात ठेव, आत दमट हवा शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या टाक. पडद्यावर ओल बसली की तो पापड तळल्यासारखा तडतडतो.

पण तू माईक येण्याची वाट पाहू नकोस. आज रात्री मोबाईल त्यांच्या पेटीजवळ उशीवर ठेव आणि सुरू कर. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचं केवढं काम झालं, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. ते काही उत्तम खोली मिळेपर्यंत थांबले नाहीत.

हे इतक्या पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे. हॉलमधल्या पहिल्या खेपेला माईने एक गाणं म्हटलं होतं, माहेरी जायला निघालेल्या सुनेचं. मार्गशीर्षात ते तिला आठवलं नाही. मी म्हटलं, राहू दे, आपल्याकडे पहिलं आहेच. घरी येऊन ते पहिलं लावलं. दोन कडवी नीट ऐकू येतात, घुमाऱ्यासकट. तिसऱ्या कडव्याला, नेमकी त्याच मिनिटाला, खाली कचरागाडी आली. तिचं ते गाणं आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. माईचं पाठ नाही. तीन फुटांवरची माई आणि दोन मजले खालचा भोंगा, भोंगा जिंकला. नातवाने आवाज गाळायच्या तीन-तीन सॉफ्टवेअरमधून ते काढलं. गाडी गेली, पण माईचे शब्दही तिच्याबरोबर गेले, नुसती चाल उरली.

त्या कडव्यात वाटेतल्या नदीचं नाव येतं, आमच्या आईच्या माहेरच्या नदीचं. एवढं माईला आठवतं. पुढचं विचारलं तर दर वेळी निराळी ओळ सांगते, आणि ती ओळ तिथे बसत नाही हे तिलाही कळतं, मग ती माझ्यावर चिडते.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडच्या वाचकांपैकी कुणाच्या आईला, आजीला, आत्याला हे गाणं येत असेल तर कळवा. पहिली दोन कडवी मी फोनवर म्हणून दाखवीन. आणि त्या म्हणायला लागल्या तर खिडकी लावून घ्या, मोबाईल एका वितीवर.